खांदा घेऊन या

"रावसाब, परीक्षा लागल्यात. उद्या सकाळी आठाला खांदा घेऊन या."

शिदूमामा दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला. मी लाऊडस्पीकरच्या कर्ण्याचं युनिट खोलून बसलो होतो.

"एकच आणू का दोन्ही?"

"ज्यो निखळतोय त्यो आणा. आणि मस्करी घरी ठिवून या. बाहेरनं आलेलं परीक्षक लई कडक हाईत म्हणं."

"मस्करी घरी ठेवली तर शालनला सांभाळावी लागंल. तिला माझंच ओझं झालंय."

मामा म्हणजे काही माझ्या आईचा भाऊ नव्हे. सरकारी दवाखान्यातल्या वॉर्डबॉयला सगळी दुनिया मामाच म्हणते. गावाचं आणि दवाखान्याचं नाव मी सांगणार नाही. तिथला चहा मला अजून मिळतो आणि तो मला बंद करून घ्यायचा नाही.

वीस-बावीस वर्षं झाली या गोष्टीला. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरापोरींची शेवटची परीक्षा नुसती कागदावर होत नाही. खराखुरा पेशंट पुढ्यात बसवतात. अर्ध्या तासात त्याला हात लावून, प्रश्न विचारून, काय बिघडलंय ते शोधायचं. मग परीक्षक येतात आणि पोरांची सालं काढतात. आता परीक्षेच्या दिवशी बरोबर बिघडलेला माणूस आणायचा कुठून? म्हणून दवाखान्याकडे आमच्यासारख्यांची यादी असायची. कायमचे बिघडलेले, पण चालतेबोलते, आणि निरोप धाडला की येणारे. आम्हाला 'केस' म्हणायचे. मी खांद्याची केस. सात वर्षं.

माझा उजवा खांदा कधीही निखळायचा. लग्नात अक्षता टाकताना निखळला. बनियन काढताना निखळला. फळीवरची लोणच्याची बरणी काढताना निखळला, तेव्हा बरणी वाचली, मी खाली बसलो. शाळेत उखळीचा सांधा म्हणून शिकवतात, पण उखळ खोल असतं. खांद्याचं उखळ म्हणजे बशी. बशीत लिंबू ठेवायचं आणि म्हणायचं, आता हे सगळीकडे फिरव पण पडू देऊ नकोस. भोवती जे दोर बांधलेले असतात तेवढ्यावर सगळा कारभार. एकदा ते दोर फाटले की लिंबू मोकळं. हे सगळं आमचे नाडगौडा सर दरवर्षी पोरांना सांगायचे आणि मी बसल्या बसल्या ऐकायचो. शेवटी मला इतकं पाठ झालं की परीक्षेला मीच बसलो असतो तर पास झालो असतो.

आणि ते दोर फाटले कसे, तर मस्करीतच. माळावरचा उतार, माझी एम-एटी, मागं शालन, माझी बायको. मी दोन्ही हात हँडलवरनं सोडले आणि म्हणालो, "शालन, बघ, गाडीला घर माहीत हाय." शालननं माझ्या खांद्याला घट्ट धरलं आणि ओरडली. गाडीला घर माहीत असेल, पण शेळी माहीत नव्हती. मी उजव्या हातावर पडलो, शालन माझ्यावर पडली. तिला नुसतं खरचटलं. माझा खांदा गेला, आणि उजव्या बाजूचा आरसा फुटला. खांदा बसवून आणला. आरसा बसवलाच नाही. मागचं बघून करायचंय काय.

तर त्या सकाळी नेहमीप्रमाणे दोघं निघालो. शालनचा शिवणक्लास दवाखान्याच्या मागच्या गल्लीत होता.

"शालन, हात ठेव की खांद्यावर."

"ठेवलाय की."

"हां. ठेवलाय."

"ठेवलाय म्हणते ना."

"मग मला कसा कळत न्हाई? हात हाय का हवा हाय?"

"तुमचं ध्यान कुठं असतं?"

"परक्या बाईला लिफ्ट दिल्यागत वाटतंय गं."

"मग उतरवा परक्या बाईला हितं. चालत जाईन."

सात वर्षं हाच संवाद. शब्द मागंपुढं व्हायचे, एवढंच. माझी खात्री होती की ती हात ठेवत नाही, नुसती माझी समजूत काढते. आणि बरोबरच होतं तिचं. ज्या माणसाचा खांदा धरून आपण पडलो, त्याचा खांदा परत कोण धरंल? सरळ विचारायला मला तोंड नव्हतं. म्हणून मी मस्करीत विचारायचो. मस्करीत विचारलं की उत्तर काही का मिळेना, हसता येतं.

वॉर्डात गेलो तर आमची मंडळी आलेली. शेजारच्या कॉटवर आक्काताई. लहानपणी चिंचेवरनं पडली, कोपर मोडलं, कुणीतरी बांबूच्या काड्या बांधल्या आणि हाड वाकडं जुळलं. आता हात सरळ केला की कोपराखालचा हात उलट्या बाजूला, अंगाकडे वळायचा.

"रावसाब, आलास का?" आक्काताई म्हणाली. "मला वाटलं औंदा तुझा खांदा बरा झाला."

"बरा झाला तर तुमच्याशेजारी कोण बसंल?"

"माझ्या कोपराला विंग्रजीत बंदुकीचं नाव हाय. तुझ्या खांद्याला काय हाय?"

"माझ्या खांद्याला नाव न्हाई, किर्ती हाय."

आता आमच्यातली आतली गोष्ट सांगतो. पोरांना ठाऊक असायचं की पेशंटला आपला रोग इंग्रजीत पाठ असतो. मग येता येता एक बिस्किटाचा पुडा उशाशी सरकवायचा आणि हळूच विचारायचं, "काका, काय आहे?" काही केसेस लगेच सांगायच्या. मी पण सांगायचो, पण आधी खेळवायचो. माझा आवडता खेळ म्हणजे डावा खांदा.

खरा निखळणारा खांदा असला, की तो बाजूला उचलून मागं फिरवला तर माणूस घाबरतो. दुखण्याच्या आधीच घाबरतो. आता निघाला, आता निघाला, असं वाटून तो डॉक्टरचा हात धरतो. पोरांनी नेमकं हेच बघायचं असतं. मी हे भ्यायचं सोंग डाव्या खांद्यावर इतकं झकास करायचो की पोरं खुशीत 'डावा' लिहून मोकळी. परीक्षक दारात दिसले की मी कानात सांगायचो, "उजवा रे, बाळा, उजवा." मग त्या पोराची जी खाडाखोड चालायची ती बघत मी त्याचंच बिस्किट खायचो. नापास कुणाला होऊ दिलं नाही. घाम मात्र सगळ्यांना फोडला.

त्या दिवशी पहिल्या पोराचा असा घाम काढून झाला होता. मामा घाईनं आला.

"रावसाब, आता जी पोरगी येतीया ना, तिची ही तिसरी खेप. दोनदा नापास झालीया. तिच्या बरोबरची पोरं डाक्टर हून हितंच फिरत्यात, आन ही अजून परीक्षेला. औंदा न्हाई झाली तर सोडून देतो म्हणाली. तेवढी सोडा."

"मी काय धरून ठेवलंय व्हय?"

"तुमच्या तोंडावर हसू हाय. म्हणून सांगाय आलो."

पोरगी आली. निलोफर अत्तार. बारकीशी, डोळ्याला जाड चष्मा, हातात मोजायची टेप, कापूस आणि टाचणी लावलेले कागद. हातात बिस्किट नाही.

"पुडा विसरला वाटतं," मी म्हणालो.

"नाही आणला, काका."

"का गं? मी एवढा वाईट आहे?"

तिनं खुर्ची ओढली. "मागं दोन्ही वेळेला पेशंटनी सांगितलं तेच लिहिलं. बरोबर पण होतं. सरांनी विचारलं, कशावरून? मला काही बोलताच आलं नाही. मी हातच लावून बघितलेला नव्हता. या वेळी तुम्ही काही सांगू नका. मी बघते."

असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. माझा जरा अपमानच झाला. मनात म्हटलं, बघ तर मग.

"डावा खांदा निखळतो," मी म्हणालो.

"सांगू नका म्हटलं ना, काका." पण तिनं लिहून घेतलं.

शर्ट काढायला लावला. पुढून बघितलं, मागून बघितलं, दोन्ही खांदे एकाच वेळी दोन हातांनी चाचपले, अंगाला बघून कापड बेतणारी शालन जशी बघते तसं. टेपनं दंड मोजले. मग डावा हात बाजूला उचलून मागं फिरवला. मी झकास तोंड वाकडं केलं, "आई गं" म्हटलं, तिचं मनगट धरलं. एक नंबर झालं होतं.

"दुखलं का?"

"जीव गेला."

"बरं." तिनं हात सोडला. "काका, तुमचा धंदा काय?"

"लाऊडस्पीकरचा. लग्न, बारसं, गणपती. मगदूम साउंड सर्व्हिस."

"कर्णा असतो तो?"

"कर्णा तर असतोच. आता बॉक्स पण आलेत. पण मैदानात कर्ण्यासारखं काही नाही. तो असा उंच बांधायचा..."

आणि मी डावा हात वर करून दाखवत होतो, तर तिनं तोच हात अलगद धरून मागंपर्यंत फिरवला. मी बोलतच होतो.

"काका," ती म्हणाली, "डावा खांदा दुखायचं विसरला."

शेजारच्या कॉटवर आक्काताई पदर तोंडात घालून हसायला लागली. मी पण हसलो, काय करणार. मग तिनं उजवा धरला, आणि मी न ठरवता तिचं मनगट घट्ट धरलं.

"हा खरा," ती म्हणाली. कागदावरचं 'डावा' खोडून 'उजवा' लिहिलं.

इथं थांबली असती तर सगळं व्यवस्थित होतं. दरवर्षी पोरं इथंच थांबायची. पण तिनं कापसाची वात केली.

"डोळे मिटा. कापूस लागला की 'हो' म्हणायचं."

मी डोळे मिटले. "हो," म्हणालो. "हो." मग काहीच नाही. मला वाटलं पोरगी विसरली. तिला बरं वाटावं म्हणून मी आपला अंदाजानं तालात सुरू झालो. "हो. हो. हो."

"काका, आता मी लावतच नव्हते."

"असं होय? मला वाटलं लावतेस."

"आणि मघाशी लावत होते तेव्हा तुम्ही गप्प होता."

मी डोळे उघडले. "पोरी, मला खेळवतेस का? अगं, या वॉर्डात खेळवायचं काम माझं आहे."

तिनं परत डोळे मिटायला लावले. परत कापूस. मग पेन काढलं आणि माझ्या उजव्या खांद्याच्या बाहेरच्या अंगाला, शर्टाची बाही जिथं जोडलेली असते त्याच्या जरा खाली, टिंब टिंब काढत एक गोल केला. बघितलं तर पुरीएवढा.

"एवढ्या जागेत तुम्हाला काही कळत नाही."

"छट्. माझा खांदा, मला म्हाईत नसेल?"

"माहीत कसं होणार? ठणकत असतं तर कळलं असतं. इथं काहीच होत नाही, ते कसं कळणार?" तिनं माझ्या हातावरच बोटानं दाखवलं. "इथनं मागून एक नस हाडाला वळसा घालून पुढं येते. तुम्ही कर्ण्याला वायर नेता ना, खांबाला गुंडाळून?"

"नेतो."

"खांब एकदम जागचा हलला तर?"

"वायर ताणती. आतली तार तुटती. बाहेरनं चांगली दिसती, पण कर्णा बंद."

"तसं झालंय. ही वायर खांद्यावरच्या मांसाला जोर पुरवते आणि एवढ्या चामडीला जाणीव. मांस तुमचं चालतंय, जरा बारीक झालंय, टेपनं मोजलं. ही जागा मात्र बंद आहे. मला वाटतं पहिल्यापासूनच."

मला ते पटलं नाही, पण मी वेगळ्याच काळजीत पडलो. या परीक्षेचं मला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं. नाडगौडा सरांनी माझा कागद सात वर्षांपूर्वी लिहिला होता आणि त्यात 'नस ठीक' असं होतं. मी स्वतः वाचला होता.

"हे बघ," मी हळू आवाजात म्हणालो, "आता मस्करी नाही करत. तुझं बाकी सगळं बरोबर आहे. एवढं एक गाळ. त्यांच्या कागदात हे नाही. बोललीस तर वाद होईल, आणि वादात परीक्षा देणाराच पडतो."

"पण आहे ना, काका."

"असू दे की. सात वर्षं आहे, अजून एक दिवस राहील. तू पास हो, मग सांग."

ती पेनचं टोपण चावत बसली.

परीक्षक आले. नाडगौडा सर, आणि बाहेरून आलेले खरवंडीकर. उंच, वाळकुडे, आवाज इतका हळू की ऐकायला पुढं वाकावं लागायचं. असली माणसं कडक असतात. ओरडणारी परवडतात.

निलोफर उभी राहिली. सुरुवातीला आवाज फाटला, मग लागला. उजवा खांदा, वारंवार निखळतो, किती वर्षं, कसा पडला, काय बघितलं, कुठं घाबरला. मी मान डोलवत होतो. नाडगौडा सर पण डोलवत होते. मी मनात म्हणत होतो, बस, आता बस खाली.

"आणि सर," ती म्हणाली, "खांद्याच्या बाहेरच्या बाजूला एवढ्या भागात संवेदना नाही."

"काय?" नाडगौडा सर म्हणाले. "कोणी सांगितलं?"

"मी बघितलं, सर."

"मी सात वर्षं बघतोय या पेशंटला."

पोरीचं ते दोनदा नापास झालेलं तोंड कसं होतं ते मी त्या दिवशी बघितलं.

खरवंडीकर माझ्याकडे वळले आणि त्या गोलात बोट टेकवलं. "काय हो, कळतं का?"

मी नीट लक्ष दिलं. बोट दिसत होतं. बोट कळत नव्हतं. त्या क्षणी मला कळलं की पोरगी खरं बोलतेय.

"नाही कळत, साहेब."

नाडगौडा सर हसले. "सर, यांचं काही ऐकू नका. हे मगदूम. मागच्या महिन्यात हे लिफ्टमध्ये मेल्याचं सोंग घेऊन पडले होते. सिस्टरला चक्कर आली."

"ते वेगळं, सर," मी म्हणालो. "हे खरं आहे."

"आणि पोरांना उत्तरं पण हेच सांगतात. दरवर्षी."

खरवंडीकरांनी मला विचारलं, "हिच्याकडून काय घेतलंत?"

"एक बिस्किट नाही साहेब. आईशप्पथ."

मी शपथ घेतली तशी दारातला मामा सुद्धा हसला. आक्काताई हसली. पन्नाशीला आलो होतो, आणि त्या खोलीत माझ्या शब्दाला कुणी कुत्रं विचारत नव्हतं. उभ्या जन्मात एकदा खरं बोलायची वेळ आली, तेही एका पोरीच्या परीक्षेसाठी, आणि माझं खरं खपेना. निलोफर माझ्याकडे बघत होती. काही मागत नव्हती, नुसती बघत होती. ते जास्त वाईट.

"जाऊ द्या," खरवंडीकर म्हणाले. त्यांनी तिच्या हातातले कागद घेतले, चाळले. माझ्या शेजारी कॉटवर टेकले. "लाऊडस्पीकरचा धंदा लिहिलाय इथं. बरा चालतो?"

मला वाटलं संपलं. पोरगी गेली. आता हा माणूस गोड बोलून उठणार. पण धंद्याचं विचारलं की मी थांबत नाही.

"बरा चालतो साहेब. पण माणसं चमत्कारिक. परवाच्या लग्नात मंगलाष्टका झाल्या, आणि भटजी माइक चालू आहे हे विसरले. यजमानांना म्हणाले, आटपा हो, मला अजून दोन लग्नं लावायची आहेत, त्यातल्या एका नवऱ्याला तर मी अजून बघितलेलं पण नाही. चार कर्णे लावले होते साहेब, पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं."

कुणी हसलं नाही. हा किस्सा आजवर वाया गेला नव्हता.

"मग?" खरवंडीकर म्हणाले.

"मग नवरीचा बाप म्हणतो, आमच्या जावयाला तरी बघितलाय का..."

आक्काताईचं तोंड उघडं. मामानं हातातली कॉटनंबरांची पाटी छातीशी धरलेली. निलोफरनं हात तोंडावर नेलेला. नाडगौडा सर माझ्याकडे नव्हे, माझ्या खांद्याकडे बघत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"अरं रावसाब," आक्काताई म्हणाली, "तुझ्या खांद्याला टाचणी हाय."

मी मान वळवली. त्या पेनाच्या गोलात, मधोमध, तिच्या कागदाची टाचणी ताठ उभी होती. शाळेत आम्ही मास्तरांच्या कोटाला मागून कागद चिकटवायचो आणि मास्तर दिवसभर तसेच हिंडायचे. अगदी तसा मी बसलो होतो, उघडा, किस्से सांगत.

"भटजींची गंमत सुरू केली तेव्हाच घातली होती," खरवंडीकर म्हणाले. त्यांनी ती काढली. तेही मला कळलं नाही. "मेल्याचं सोंग जमतं, नाडगौडा. हे जमत नाही."

नाडगौडा सर खाली वाकले. स्वतः बोटानं दाबून बघितलं, एकदा, दोनदा. मग माणूस मोठा म्हणायला हवा, आमचे सर म्हणाले, "सात वर्षं मी कागद बघितला. खांदा नाही बघितला."

"डॉक्टर अत्तार," खरवंडीकर म्हणाले. अजून ती डॉक्टर झालेली नव्हती. "कोणती नस?"

"ॲक्सिलरी, सर."

"कशावरून?"

आणि ती जी सुटली, त्या लग्नातले चारी कर्णे तिच्यापुढे काहीच नव्हते.

सगळे पुढच्या कॉटकडे गेले. मी शर्ट घालायला घेतला. उजव्या बाहीत हात घातला आणि तसाच थांबलो. तो गोल बाहीच्या शिवणीखाली गेला होता. शालननं शिवलेली शिवण.

"निलोफर," मी हाक मारली. ती कागद गोळा करत होती. "एक विचारू? टाचणी कळत नाही ते बघितलं. पण माणसाचा हात? माणसानं इथं हात ठेवला तर?"

"जोरात दाबला तर आतनं कळेल. हलका ठेवला तर नाही."

"दोन बोटं, समज. भीत भीत ठेवलेली."

"नाही कळणार, काका."

"शर्टावरनं?"

"मुळीच नाही."

"बघू, ठेव."

ती माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघून म्हणाली, "ठेवलाय की."

संध्याकाळी मामा पेढा घेऊन दुकानात आला. निलोफर पास झाली होती. पुढच्या वर्षी तिनं पिच्छा पुरवून माझं ऑपरेशन करायला लावलं, नाडगौडा सरांनीच केलं. खांदा आता जागा सोडत नाही, त्यामुळं यादीतनं माझं नाव गेलं. आक्काताईला माझ्याजागी एक मनगटवाला मिळाला, तो अजिबात हसत नाही अशी तिची तक्रार होती. तो गोल मात्र आजही बंद आहे. तिथं डास बसला तर शालन मारते तेव्हा मला आवाजावरून कळतं.

पण मी सांगत होतो त्या दिवसाचं. पेढा तोंडात टाकून मी चौकातल्या मेस्त्रीकडे गेलो.

"उजव्या बाजूला आरसा बसव."

"सात वर्षांनी?" मेस्त्री म्हणाला. बसवला. रस्त्याकडे तोंड करून नीट पिळायला लागला तसा मी त्याचा हात धरला आणि आरसा आत वळवला. अजून थोडा. अजून थोडा.

"अहो, यात तुमचा खांदाच दिसतोय. मागची गाडी कशी दिसणार?"

"राहू दे असाच."

क्लास सुटला. शालन आली, पिशवी मांडीवर घेऊन मागं बसली. मी गाडी काढली. चौक ओलांडला, माळाचा रस्ता लागला, तरी मी आरशात बघितलं नव्हतं. धीर होईना. उतार आला तसं मी नेहमीसारखं म्हणालो,

"शालन, हात ठेव की खांद्यावर."

"ठेवलाय की."

मग बघितलं. बाहीच्या शिवणीवर, जरा खाली, दोन बोटं होती. अंडं धरावं तशी. लिंबू परत बशीतनं पडू नये म्हणून जराही भार न देता. मनगटात हिरव्या बांगड्या, खड्डा आला की खाली घसरायच्या, पण बोटं हलत नव्हती.

"आरसा का बसवला?" तिनं मागून विचारलं.

"पोलीस धरतात हल्ली."

"आजवर नाही धरलं ते."

"आता धरतात."

मी हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि उतारावर गाडी इतकी हळू घेतली की एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. टाचणीची गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही. सांगितली तर मला रोज विचारता येणार नाही.